शर्यतीचा सुवर्णमहोत्सव आणि बिअरचा प्याला

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात एप्रिल महिन्याचा तिसरा सोमवार ‘देशभक्त दिन’ म्हणून पाळला जातो. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्ड या गावी वसाहतींतील शेतकरी-कारागीर आणि इंग्रजी फौज यांच्यात ज्या पहिल्या चकमकी झडल्या, त्यांचा हा स्मृतिदिन होय. बोस्टनची सुप्रसिद्ध मॅरेथॉन शर्यत याच दिवशी धावण्याचा प्रघात आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली ही शर्यत जगातील सर्वांत जुनी वार्षिक मॅरेथॉन मानली जाते. या शर्यतीला २०१२ पासून एक नवा सोबती मिळाला. बोस्टनमधील एका नामांकित कंपनीने शर्यतीसाठी खास बिअर तयार केली, तिला शर्यतीच्या २६.२ मैल अंतराचे नाव दिले आणि हॉपकिंटन गावापासून बोस्टन शहरापर्यंत शर्यतीच्या मार्गावर असलेल्या मद्यगृहांतून ती विकावयास आणली. पुढील वर्षांतही हा उपक्रम चालू राहिला. शर्यतीच्या इतिहासातील मोठमोठे वर्धापनदिन या प्याल्याच्या साक्षीने साजरे झाले.

वरवर पाहता या प्रकारात आक्षेप घेण्याजोगे काही दिसत नाही. दमलेल्या धावपटूने संध्याकाळी मित्रांसमवेत एक प्याला घेतला तर कोणाचे काय बिघडले, असे कोणीही विचारील. परंतु ज्या वर्धापनदिनांशी या बिअरची सांगड घातली गेली, ते कशाचे होते हे पाहिले म्हणजे प्रश्न इतका सोपा राहत नाही. २०१७ आणि २०२२ या दोन वर्षी बोस्टनमध्ये जे सुवर्णमहोत्सव झाले, ते कोणा विक्रमवीराच्या वेगाचे नव्हते. स्त्रियांना धावण्याची बंदी होती, ती बंदी मोडल्याचे आणि ती उठल्याचे ते महोत्सव होते. एका सामाजिक बंडाचा वर्धापनदिन बाजारपेठेच्या हाती गेल्यावर त्या बंडाचे काय होते, हा प्रश्न बोस्टनपुरता मर्यादित नाही. चळवळीचे वर्धापनदिन ज्यांना वारंवार साजरे करावे लागतात, त्या प्रत्येक कार्यकर्त्याचा तो प्रश्न आहे.

प्रथम ते बंड समजून घेतले पाहिजे. १९६६ साली रॉबर्टा गिब या तरुणीने बोस्टनच्या शर्यतीत भाग घेण्यासाठी अर्ज मागितला. स्त्रिया एवढे अंतर धावण्यास शारीरिकदृष्ट्या असमर्थ असतात, असे उत्तर तिला मिळाले. त्या काळी अमेरिकेतील हौशी मैदानी खेळांचे नियमन करणाऱ्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनने स्त्रियांसाठी दीड मैलापेक्षा अधिक अंतराची स्पर्धा मान्य केलेली नव्हती. गिब कॅलिफोर्नियाहून बसने कित्येक दिवसांचा प्रवास करून आली, प्रारंभरेषेजवळच्या झुडपांत दडून बसली आणि धावपटूंचा बराचसा लोंढा पुढे गेल्यावर त्यात मिसळली. अंगावर क्रमांक नव्हता; नोंदवहीत नाव नव्हते. तरीही तिने सुमारे तीन तास एकवीस मिनिटांत अंतर पार केले आणि दोन-तृतीयांश पुरुषांना मागे टाकले. नियम बनवणाऱ्यांचे शरीरशास्त्र तिने रस्त्यावरच खोटे ठरवले.

दुसऱ्या वर्षी, १९६७ मध्ये, सिराक्यूज विद्यापीठाची विद्यार्थिनी कॅथरीन स्विट्झर हिने आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे आणि आडनाव लिहून रीतसर नोंदणी केली. तिला २६१ हा क्रमांक मिळाला. शर्यत सुरू झाल्यानंतर थोड्याच अंतरावर जॉक सेम्पल हे शर्यतीचे अधिकारी मोटारीतून उतरून तिच्या अंगावर धावून गेले आणि तिचा क्रमांक हिसकावून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तिच्यासोबत धावणाऱ्या तिच्या मित्राने त्यांना धक्का देऊन बाजूस सारले. वृत्तछायाचित्रकारांची गाडी तेथेच होती. ती छायाचित्रे जगभर गेली. स्विट्झरने शर्यत पूर्ण केली. युनियनने मात्र तिलाच दोषी ठरवले आणि पुरुषांबरोबर स्पर्धेत उतरणाऱ्या स्त्रियांवर बंदीचा फास आणखी आवळला.

या बंदीमागे वैद्यकशास्त्राचा आधार असल्याचा देखावा केला जात असे. प्रत्यक्षात तो आधार फार जुन्या पूर्वग्रहाचा होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून मैदानावर बसल्या, एवढ्या साध्या गोष्टीचा वृत्तपत्रांनी विपर्यास केला. स्त्रिया कोसळल्या, असा गहजब उठवला गेला. परिणामी ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली आणि १९६० पर्यंत ती परत आली नाही. शेतात, गिरणीत आणि घरात राबताना ज्या स्त्रियांच्या श्रमशक्तीविषयी कोणालाही कधी शंका आली नाही, त्याच स्त्रिया मैदानात उतरताच नाजूक ठरल्या. श्रम करताना बळकट आणि प्रतिष्ठा मागताना दुबळी, ही स्त्रीविषयीची दुहेरी मोजपट्टी भारतातील स्त्री-मजुरांनाही अपरिचित नाही.

१९७२ मध्ये बोस्टनची दारे स्त्रियांना अधिकृतपणे उघडली. त्या वर्षी आठ स्त्रिया धावल्या, आठही जणींनी शर्यत पूर्ण केली आणि नीना कुसिक पहिली आली. परंतु दार उघडले म्हणजे समता आली असे नव्हे, याचा प्रत्यय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे आला. स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी स्वतंत्रपणे धावावे, असा नियम युनियनने केला होता. स्त्रियांसाठी बंदुकीचा बार झाला आणि सहा स्त्रिया धावण्याऐवजी प्रारंभरेषेवर हातांत फलक घेऊन बसल्या. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी बार झाल्यावर त्या उठल्या आणि सर्वांबरोबर धावल्या. युनियनने त्यांच्या वेळेत दहा मिनिटांची भर घातली. नीना कुसिक याही धरण्यात होती. क्रीडांगणावरील हे शांततामय धरणे म्हणजे सत्याग्रहाचेच एक रूप होते. अन्याय्य नियम मोडावयाचा, तो उघडपणे मोडावयाचा आणि त्याची शिक्षा भोगावयाची, ही रीत भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये येण्यास मात्र १९८४ साल उजाडावे लागले.

आता वर्धापनदिनांकडे वळावे. २०१७ मध्ये सत्तर वर्षांची कॅथरीन स्विट्झर पुन्हा २६१ हाच क्रमांक लावून बोस्टनला धावली. तो क्रमांक यापुढे कोणास दिला जाणार नाही, असे संयोजकांनी त्या वेळी जाहीर केले. ज्या संस्थेच्या अधिकाऱ्याने तो क्रमांक हिसकावू पाहिला, तीच संस्था पन्नास वर्षांनी त्याचा गौरव करते, ही चळवळीच्या विजयाची खूण आहे यात शंका नाही. जॉक सेम्पल यांनीही पुढे स्त्रियांच्या सहभागाचा स्वीकार केला आणि १९७३ मध्ये प्रारंभरेषेवर स्विट्झरशी जाहीरपणे समेट केला, हेही नमूद केले पाहिजे. माणसे बदलतात, आणि त्यांना बदलण्याची संधी देणे हा चळवळीचा धर्म आहे.

परंतु या गौरवाची दुसरी बाजू आहे. १९६७ च्या त्याच शर्यतीत रॉबर्टा गिबही धावत होती आणि ती स्विट्झरच्या सुमारे एक तास आधी पोहोचली होती. तिच्या अंगावर क्रमांक नव्हता, तिच्याशी कोणी झटापट केली नाही आणि म्हणून तिचे तसे छायाचित्रही नाही. बोस्टनच्या संयोजकांनी १९६६ ते १९७१ या काळात बिननोंदणीने धावलेल्या स्त्रियांना विजेत्या म्हणून मान्यता दिली ती १९९६ मध्ये, म्हणजे शर्यतीच्या शंभराव्या आवृत्तीच्या निमित्ताने. गिब हिला तीन वर्षांचे आणि सारा मे बर्मन हिला पुढील तीन वर्षांचे विजेतेपद तेव्हा मिळाले. तीस वर्षे या स्त्रिया इतिहासाच्या बाहेर उभ्या होत्या. स्मरणाचा व्यापार ज्याचे चित्र हाती लागते त्याचेच स्मरण करतो. ज्याचे चित्र नाही त्याला वगळतो. हा नियम जाहिरातीला शोभतो. इतिहासाला तो शोभत नाही.

शर्यतीचे स्वरूपही या काळात पालटले. क्लॅरेन्स डीमार याने १९११ ते १९३० या काळात ही शर्यत सात वेळा जिंकली. तो व्यवसायाने छापखान्यातील कामगार होता. एके काळी शर्यत पूर्ण करणाऱ्याला मांसाच्या रश्श्याचा एक वाडगा मिळत असे. रोख बक्षिसे सुरू झाली ती १९८६ मध्ये, एका विमा कंपनीने प्रायोजकत्व पत्करल्यावर. या बदलाबद्दल हळहळून जुन्या हौशी खेळाचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. पोटाची चिंता नसलेल्या वर्गाने ‘पैशासाठी खेळणे हलके’ असा दंडक घातला होता आणि त्याचा जाच डीमारसारख्या कष्टकऱ्यांनाच होत असे. धावपटूला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, हे न्यायाला धरूनच आहे. प्रश्न उद्भवतो तो पैसा धावणाऱ्याला मिळतो म्हणून नव्हे. धावणाऱ्याच्या त्यागातून निर्माण झालेली प्रतिष्ठा ज्याचा त्याग नाही त्याच्या मालाला चिकटवली जाते, म्हणून तो उद्भवतो.

या ठिकाणी बिअरचाही इतिहास पाहणे आवश्यक आहे. कारण क्राफ्ट बिअर म्हणून आज जी ओळखली जाते, तिचा जन्मही एका बंडातूनच झाला आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यानंतरच्या चार दशकांत मोठ्या कंपन्यांनी लहान भट्ट्या गिळल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण देशात शंभराहूनही कमी बिअर कंपन्या उरल्या. तांदूळ व मका मिसळून केलेली, सर्वत्र एकाच चवीची पातळ बिअर हे त्या मक्तेदारीचे फळ होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील अँकर ही बंद पडत आलेली जुनी भट्टी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग याने विकत घेऊन सावरली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातच जॅक मॅकऑलिफ याने न्यू ॲल्बियन ही चिमुकली भट्टी काढली. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअर गाळण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. मोड आणलेले सातू, हॉप्सच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी या चार पदार्थांतून शेकडो चवी निर्माण करण्याचे कसब सामान्य माणसांच्या हाती परत आले. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक बिअर भट्ट्या आहेत. मक्तेदारीला कारागिराने दिलेले हे उत्तर समाजवाद्यांनी तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

वर्धापनदिनाची बिअर ही कल्पनाही याच कारागिरांची. पॉल रिव्हियर याने १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावरून दौडत इंग्रजी फौज येत असल्याची वार्ता दिली. त्या दौडीला दोनशे वर्षे झाली म्हणून अँकर भट्टीने १९७५ मध्ये ‘लिबर्टी एल’ ही बिअर प्रथम गाळली. पुढे दहा वर्षांनी, १९८५ च्या देशभक्त दिनी, बोस्टनमध्ये ‘सॅम्युअल ॲडम्स’ या नावाची बिअर प्रथम विक्रीस आली. सॅम्युअल ॲडम्स हा स्वातंत्र्ययुद्धातील पुढारी आणि त्याच्या घराण्याचा धंदा बिअरसाठी सातू तयार करण्याचा. २०१२ ची शर्यतीची बिअर याच कंपनीने काढली. ती ‘गोझे’ या जुन्या जर्मन जातीची आहे. मीठ आणि धणे घातलेली, किंचित आंबट व हलकी अशी ही बिअर मूळची गोस्लार आणि लाइपझिग भागातली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत तिच्या मुख्य भट्टीचे सरकारीकरण झाले आणि तेथील उत्पादन थांबले. १९६६ मध्ये लाइपझिगमधली अखेरची गोझे भट्टीही बंद पडली आणि ही बिअर नामशेष झाली. १९८० च्या दशकात काही हौशी रसिकांनी तिचे पुनरुज्जीवन केले. कारागिराचे कसब मक्तेदार भांडवलशाहीने जसे मारले, तसेच नोकरशाही समाजवादानेही मारले, हे लोकशाही समाजवाद मानणाऱ्याने प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु बंड करून आत शिरलेला कारागीर पुढे काय करतो? बोस्टनची ही कंपनी १९९५ मध्ये शेअर बाजारात आली. ‘क्राफ्ट’ म्हणवून घेण्यासाठी वार्षिक उत्पादन वीस लाख पिंपांच्या आत असावे, अशी त्या व्यवसायातील संघटनेची व्याख्या होती. ही कंपनी त्या मर्यादेजवळ पोहोचू लागली तेव्हा, २०१० च्या अखेरीस, संघटनेने ती मर्यादा साठ लाख पिंपांवर नेली. कारागीर वाढला म्हणून कारागिराची व्याख्याच वाढवण्यात आली. स्त्रियांचे दीड मैल वाढवण्यासाठी रस्त्यावर झुंजावे लागले आणि लोकांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. भांडवलाची मर्यादा वाढवण्यास मात्र एक ठराव पुरला. दोन्ही सीमा माणसांनीच आखलेल्या होत्या. त्या किती सहज सरकतात, हे मागणी कोणाची आहे यावर ठरले.

अँकर भट्टीची कहाणी याहून उद्बोधक आहे. २०१७ मध्ये एका जपानी बिअर कंपनीने ती विकत घेतली. २०१९ मध्ये तेथील कामगारांनी संघटना बांधली आणि गोदी कामगारांच्या प्रसिद्ध युनियनशी ती जोडली. क्राफ्ट बिअरच्या व्यवसायात ही दुर्मीळ घटना होती, कारण ‘आपण सारे एकाच छंदाचे सोबती’ अशा गोड भाषेखाली तेथे मालक-मजूर हे नाते झाकले जात असे. २०२३ च्या जुलै महिन्यात मालकांनी भट्टी बंद करण्याची घोषणा केली. कामगारांनी ती सहकारी तत्त्वावर स्वतः चालवण्यासाठी विकत घेण्याची तयारी दाखवली. परंतु २०२४ मध्ये ती एका दही-उद्योगपतीच्या हाती गेली. स्वातंत्र्याच्या दौडीचा द्विशताब्दी प्याला ज्या भट्टीने भरला, तिच्या कामगारांना आपल्या भट्टीचे स्वामित्व मिळू शकले नाही. अशा वेळी बाटलीवरील ‘लिबर्टी’ या शब्दाचा अर्थ काय उरतो?

खेळ आणि बिअर यांचे नाते मात्र केवळ लुबाडणुकीचे होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८८० मध्ये अमेरिकेतील बेसबॉलच्या नॅशनल लीगने सिनसिनाटीच्या संघाला बाहेर काढले. मैदानावर बिअर विकणे आणि रविवारी मैदान भाड्याने देणे हे त्याचे अपराध होते. त्यातून १८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग मैदानात उतरली. पन्नास सेंटांचे तिकीट तिने पंचवीस सेंटांवर आणले, संघांना रविवारी सामने भरवण्याची आणि बिअर विकण्याची मुभा दिली. रविवार ही कामगाराची एकमेव सुट्टी होती. उच्चभ्रूंनी शुचितेच्या नावाने त्याला खेळाबाहेर ठेवले होते. बिअरवाल्यांनी नफ्यासाठी का होईना, त्याला आत घेतले. शुद्धतेचा आग्रह नेहमीच पुरोगामी असतो असे नाही, याचे हे उदाहरण.

परंतु ज्याने दार उघडले त्याने पुढे घरावरच मालकी सांगितली. १९५३ मध्ये एका बलाढ्य बिअर कंपनीने सेंट लुईस शहराचा बेसबॉल संघ खरेदी केला आणि मैदानाला आपल्या बिअरचे नाव द्यावयाचे ठरवले. खेळाच्या नियामकांनी हरकत घेतली. तेव्हा मैदानाला मालक घराण्याचे ‘बुश’ हे नाव देण्यात आले आणि १९५५ मध्ये त्याच नावाची नवी बिअर बाजारात आणण्यात आली. मैदानाला बिअरचे नाव देता येत नसेल तर बिअरला मैदानाचे नाव द्यावे, अशी ही युक्ती. नियम पाळलाही गेला आणि पार निष्फळही ठरला. प्रसंगाचे नाव मालाला देण्याची जी कला बोस्टनच्या शर्यतीत दिसते, तिचे मूळ येथे सापडते.

ही युक्ती भारतात कशी अवतरली, हे क्रिकेटच्या प्रत्येक शौकिनास ठाऊक आहे. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातीस मनाई केलेली आहे. म्हणून सोड्याची, पाण्याची आणि संगीताची जाहिरात करून दारूचे नाव घरोघर पोहोचवले जाते. २००८ मध्ये इंडियन प्रीमिअर लीग सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या संघाचे नाव मालकाच्या व्हिस्कीवरून बेतले गेले. जाहिरात करावयाची नसेल तर संघच जाहिरात होतो आणि लहान मुले त्या नावाचा जयघोष करतात. त्या संघाने २०२५ मध्ये प्रथमच अजिंक्यपद मिळवले. ४ जून रोजी घाईघाईने भरवलेल्या विजयोत्सवात बंगळूरच्या मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांनी प्राण गमावले. लोकांच्या आनंदाचे बाजारमूल्य ज्या तत्परतेने ठरवले जाते, त्या तत्परतेने त्यांच्या जिवाची काळजी घेतली जात नाही, हा त्या दुर्घटनेचा कटू धडा आहे.

दारूच्या प्रश्नाकडे पाहण्याची महाराष्ट्राची स्वतःची दृष्टी आहे आणि ती केवळ सोवळेपणाची नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. गरिबांच्या संसाराची राखरांगोळी होते, ही त्यांची चिंता होती. १९७२ मध्ये, म्हणजे बोस्टनमध्ये आठ स्त्रिया अधिकृतपणे धावल्या त्याच वर्षी, धुळे जिल्ह्यातील शहादा भागात श्रमिक संघटना उभी राहिली आणि त्या सुमारास तेथील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी जाब विचारला. पुढे निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला कौल दिल्यास गावातील दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात झाली, ती अशाच स्त्रियांच्या रेट्यामुळे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. शहाद्याच्या स्त्रियांना ते सांगावे लागले नव्हते.

एका खंडात स्त्रीमुक्तीचा महोत्सव बिअरच्या प्याल्याने साजरा होतो आणि दुसऱ्या खंडात स्त्रीमुक्तीचा आरंभ दारूचे मडके फोडून होतो, यात विसंगती दिसेल. पण दोन्ही ठिकाणी मूळ मागणी एकच होती. सार्वजनिक रस्त्यावर आणि स्वतःच्या जीवनावर आपला हक्क असावा, ही ती मागणी. बोस्टनच्या धावपटूंनी संध्याकाळी काय प्यावे, हे येथून सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या हक्काच्या लढ्याचे नाव कोणाच्या नफ्याला जोडले जाते, हे विचारण्याचे प्रयोजन मात्र निश्चित आहे.

मग वर्धापनदिन साजरेच करू नयेत काय? तसे नव्हे. चळवळीला उत्सव हवाच. ज्या चळवळीत गाणे नाही, सहभोजन नाही, हसणे नाही, ती लवकर सुकते. परंतु उत्सवाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. बंड करणाऱ्यांपैकी कोणाची नावे गळली, हा पहिला हिशेब. बोस्टनला तो करण्यास तीस वर्षे लागली. दार उघडल्यानंतरही कोण बाहेर राहिले, हा दुसरा. बॉब हॉल याने १९७५ मध्ये चाकाच्या खुर्चीत बसून बोस्टनचे अंतर तीन तासांच्या आत पार केले, तेव्हा अपंगांसाठीही दार किलकिले झाले; १९७२ चा विजय अपुरा होता, हे त्याने दाखवले. आणि या स्मरणातून निर्माण होणारे द्रव्य व प्रतिष्ठा कोणाच्या पदरी पडते, हा तिसरा. जेथे हे तीन प्रश्न विचारले जातात तेथे उत्सवाला बाधा येत नाही. जेथे ते विचारण्यास मनाई असते, तेथे वर्धापनदिन केवळ विक्रीचा हंगाम उरतो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हा हिशेब मांडण्याची संधी दूर शोधावी लागणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो अस्पृश्यांनी पाणी प्राशन केले. त्या घटनेची शताब्दी २० मार्च २०२७ ही होय. त्या तळ्याची कथा बोस्टनच्या कथेशी ताडून पाहण्याजोगी आहे. बोस्टनमध्ये नियमाची बंदी होती आणि स्त्रियांनी ती आधी कृतीने मोडली, नियम मागाहून बदलला. महाडमध्ये नियम आधीच बदललेला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने पुढील वर्षी तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरीही पाण्याला हात लावताच दगड आणि काठ्या बरसल्या, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि न्यायालयातील वाद उच्च न्यायालयाच्या १९३७ मधील निकालापर्यंत चालला. कागदावरचा हक्क ओंजळीत येण्यास केवढे अंतर धावावे लागते, हे महाड सांगते.

अशा शताब्दीला फलक, कमानी आणि प्रायोजक यांची वाण पडत नाही. सरकारी सोहळे होतील, वृत्तपत्रांच्या पुरवण्या निघतील, ज्यांनी समतेसाठी कधी बोट उचलले नाही त्यांच्या मालाच्या जाहिरातींतही समतेचे गोडवे गायले जातील. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या गर्दीत आपला आणखी एक फलक लावण्यात शक्ती खर्च करू नये. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील पाणवठ्यांची पाहणी करावी. कोणत्या गावात दलित वस्तीला आजही वेगळ्या विहिरीवर जावे लागते, कोणत्या वस्तीत नळ पोहोचला पण पाणी पोहोचले नाही, पाण्यासाठी किती स्त्रिया रोज किती मैल चालतात, याची गाववार यादी करावी आणि ती तहसीलदारांपुढे व जनतेपुढे ठेवावी. जेथे अडवणूक आढळेल तेथे शताब्दीच्या दिवशी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांनी एकत्र जाऊन पाणी भरावे. महाडला जमलेल्या त्या हजारोंपैकी ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, त्यांच्या गावी जाऊन ती नावे उतरवून घ्यावीत.

रॉबर्टा गिब हिला आपले नाव नोंदवहीत पाहण्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले. महाडच्या सत्याग्रहींपैकी अनेकांची शंभर वर्षे होत आली तरी नोंद नाही. हे काम कोणताही प्रायोजक करणार नाही, कारण त्यातून विकण्याजोगे काही निघत नाही. म्हणूनच ते कार्यकर्त्यांनी केले पाहिजे, आणि त्याचा आरंभ शताब्दीची वाट न पाहता याच महिन्यात झाला पाहिजे.